सेनापती कुणाकुणाशी बोलतात

दाराशी वेताची एक उथळ टोपली होती आणि तिच्यात मास्क होते. पांढरे, काळे, अस्वलाचं चित्र असलेला एक लहान मुलाचा. प्रत्येकाच्या दोरीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला, चिमट्यावर नाव, म्हणजे जाताना अदलाबदल नको. घरात शिरताना बूट काढायचे हे आमच्या देगू शहरात कुणाला सांगावं लागत नाही. बुटांबरोबर मास्कही काढायला लावणारं घर मी पहिल्यांदाच पाहत होते. महासाथ ओसरली होती, पण हिवाळा कडाक्याचा होता आणि आत बसलेल्यांपैकी निम्मे लोक खोकत होते.

"देवापुढे तोंड झाकायचं नसतं," दारातली बाई म्हणाली. "काढा."

मी काढला. तिने मला चिमटा दिला.

आत गरम फरशीवर माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. समोर देव्हारा, त्यावर सफरचंदं, तांदळाच्या वड्या, मेणबत्त्या आणि मिशा पिळलेल्या सेनापती देवाचं रंगीत चित्र. देव्हाऱ्याखाली लाल कापडावर कडबा कापायच्या दोन लांब पात्या ठेवल्या होत्या. नव्याने धार लावलेल्या. ज्याच्या अंगात सेनापती उतरतो तो या पात्यांवर अनवाणी चढतो आणि त्याचा पाय कापत नाही, अशी श्रद्धा आहे. पुढच्या रविवारी त्यांच्यावर हारिम चढणार होती.

नाम हारिम चष्म्याच्या फ्रेमी घासून चकचकीत करायच्या कारखान्यात कामाला होती. दोन वर्षांपूर्वी तिला एका पुरुषाचा आवाज ऐकू येऊ लागला. मी तालुक्याच्या मानसिक आरोग्य केंद्रात मानसशास्त्रज्ञ आहे आणि तिची तपासणी माझ्याकडे असते. आमच्या डॉक्टरांनी निदान केलं होतं: स्किझोफ्रेनिया. तिच्या आईने, बुन्जाबाईंनी, दुसरं निदान आणलं होतं: देवाचा आजार. या निदानात औषध बंद करायचं असतं, कारण औषधाने देव बिथरतो. मग विधी करून देवाला अंगात उतरवायचं आणि आयुष्यभर त्याची सेवा करायची. "तुम्ही एकदा येऊन बघा बाई," बुन्जाबाई मला म्हणाल्या होत्या. "मग बोला."

म्हणून मी बघायला आले होते.

घराची मालकीण गिल मालसुन. लोक तिला बोसाल म्हणत. अंगात येणाऱ्या बायकांना आमच्याकडे हाच मान देतात. वय साठीच्या पुढे, केस घट्ट बांधलेले, डोळे फार तेज. तिने मला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"सरकारी बाई का तुम्ही? जन्मसाल कुठलं? कुठल्या प्राण्याचं?"

"सशाचं."

"तरीच. सशाचे कान मोठे, पण भरवसा कशावर नाही." लोक हसले. तिने हातातली घुंगरांची काठी एकदा वाजवली. "ऐका. देव म्हणजे काय केबल टीव्ही आहे, पैसे भरले की घरोघरी दिसायला? सेनापतींचं स्टेशन एकच. या पोरीचा एक रेडिओ, माझा एक रेडिओ. बाकीच्यांनी नुसतं बसून चहा प्यायचा."

यानंतर जो चमत्कार झाला तो मी नीट पाहिला, आणि खरं सांगायचं तर मांडणी चांगली होती.

मांडणी करणारे गृहस्थ प्यो नावाचे निवृत्त व्हॉलीबॉल पंच होते. सगळे त्यांना पंचसाहेब म्हणत. गळ्यात अजून शिट्टी होती. त्यांनी हारिम आणि बोसाल यांना समोरासमोर बसवलं होतं आणि मध्ये एक फळी उभी केली होती, हारिमच्या छातीपर्यंत येणारी. फळीआड हारिमच्या मांडीवर पाटी. आवाज आला की तिने तो पाटीवर लिहायचा. बोसालने त्याच वेळी मोठ्याने बोलायचं. मग शिट्टी, मग पाटी उलटी करून दाखवायची.

"हाताच्या हालचालीवरून कुणी ओळखू नये म्हणून फळी," पंचसाहेबांनी मला मुद्दाम सांगितलं. "मी आधी बोसालवर विश्वास ठेवला नव्हता. मी कुणावरच ठेवत नाही. तीस वर्षं नेटजवळ उभं राहून सवय लागली."

हारिम बसली होती तिथे खिडकीचा उजेड थेट तिच्या तोंडावर पडत होता. ती खूप बारीक झाली होती. खोलीतली खोकल्याची उबळ थांबली. तिचे डोळे फळीवर खिळले.

"भात..." बोसाल डोळे अर्धवट मिटून, घोगऱ्या आवाजात म्हणाली. "भात मेलेल्यांचा. खाऊ नकोस."

शिट्टी वाजली. हारिमने पाटी उचलली. *भात मेलेल्यांसाठी असतो. खायचा नाही.*

"अगं बाई!" माझ्या शेजारची टोफूवाली आजी म्हणाली आणि तिने हात जोडले. सगळी खोली एकदम श्वास सोडल्यासारखी हलली.

पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा. एकदा बोसालला एक शब्द लागला नाही, तेव्हा ती म्हणाली, "सेनापती घोड्यावर आहेत, वारा फार आहे." लोकांना तेही पटलं. पंचसाहेबांनी हात आडवा करून गुण ग्राह्य धरला.

निघताना मी टोपलीतून आपला मास्क शोधला. बुन्जाबाई दारापर्यंत आल्या. त्यांचा चेहरा थकलेला होता, पण शांत होता. आमच्या केंद्रात मी तो कधी तसा पाहिला नव्हता.

"बघितलंत ना?"

"बघितलं," मी म्हणाले.

*

आमच्या कामात एक मोजपट्टी असते. आवाज ऐकू येणं, संशय, बोलण्यातला विस्कळीतपणा, भावना मंदावणं अशी तीस शीर्षकं, आणि प्रत्येकाला एक ते सात गुण. एक म्हणजे ते लक्षण नाहीच, सात म्हणजे टोकाचं. चार कधी द्यायचे आणि पाच कधी, हे ठरलेलं असतं, मनाला येईल तसे देता येत नाहीत. शिकताना आम्हाला एकाच मुलाखतीचं चित्रण दाखवतात आणि प्रत्येकाने वेगवेगळं बसून गुण द्यायचे असतात. शेजाऱ्याने किती दिले हे आधी ऐकलं, तर आपले गुण आपले राहत नाहीत. आणि एक नियम पहिल्या दिवसापासून घोटून घेतात: माणूस काय सांगतो ते लिहा आणि काय करताना दिसतो तेही लिहा. एकावर भागवू नका.

सोमवारी हारिम माझ्यासमोर बसली. आरोग्य केंद्रात मास्क अजून सक्तीचा होता. तिचे मला फक्त डोळे दिसत होते, तिला माझे. बुन्जाबाई बाजूच्या खुर्चीवर होत्या; हारिमनेच त्यांना बसू द्या म्हणून सांगितलं होतं.

"गेल्या आठवड्यात आवाज आला?"

"रोज."

"आता, इथे?"

"आता पण बोलतोय. म्हणतो, ही बाई गुण देते म्हणजे काय स्वतःला मास्तरीण समजते का." तिच्या डोळ्यांत हसू आलं. "मागच्या वेळी आवाजात मला किती पडले होते?"

"सहा."

"सातपैकी सहा! शाळेत एवढे कधी पडले नाहीत."

"काय काय सांगतो तो?"

"खाऊ नको. झोपू नको. रविवारी पात्यांवर चढ, मागे वळून पाहू नको."

"तू चढणार आहेस?"

"ठरवते."

तीन महिने मी तिला वेगवेगळ्या तऱ्हेने हेच विचारत होते. औषध पुन्हा सुरू करायचं का, दवाखान्यात राहायचं का, विधी करायचा का. प्रत्येक वेळी उत्तर एकच यायचं: ठरवते. त्या अवधीत बोसाल तिच्या वतीने बोलत होती, आई बोलत होती, आणि मीही थोडंफार बोलत होतेच.

मग मी पुढचा प्रश्न विचारला. "हा आवाज इतर कुणाला ऐकू येतो का?"

"येतो की. बोसालला येतो, तुम्ही बघितलंत. आईला पण येतो."

मी बुन्जाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"पूर्ण नाही येत," त्या हळूच म्हणाल्या. "बारीक. स्वयंपाकघरात ती समोर बसलेली असते ना, तेव्हा ती काही बोलायच्या आधीच मला कळतं तो काय म्हणाला ते. मनात येतं. माझ्या आजीवर देव आला होता बाई, तिने नाकारला. म्हणून मला अर्धा आला आणि पोरीला पुरा."

"म्हणजे बघा," हारिम म्हणाली. आता तिच्या आवाजात हसू नव्हतं. "तुमच्या कागदावर एक प्रश्न असतो, मला आजार आहे हे मला कळतं का. मी हो म्हणू का? मग आईला पण तोच आजार. बोसालला पण. तीन बायकांना एकाच वेळी एकच वाक्य ऐकू येतं, असा आजार असतो?"

"नसतो," मी म्हणाले.

त्या शीर्षकापुढे मी गुण लिहिले नाहीत. पुरावा तिच्या बाजूने होता. पुराव्याला धरून बोलणाऱ्या माणसाला समज नाही असं लिहिणं हा मोजपट्टीचा गैरवापर झाला असता.

"बुन्जाबाई, आता या खोलीत तो बोलतोय म्हणते ती. तुम्हाला ऐकू येतंय?"

त्यांनी कान दिल्यासारखं केलं. "नाही बाई. इथे कधीच येत नाही. सेनापती तुमच्या इमारतीत पाऊल टाकत नाहीत. बोसाल म्हणतात, सरकारी जागा, वास्तू रुक्ष."

"पण हारिमला तर इथेही ऐकू येतो."

"तिला पुरा आलाय ना," त्या म्हणाल्या. त्यांना यात काहीच अडचण दिसली नाही. मला दिसली.

*

बुन्जाबाईंचं बाजारात पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. बुधवारी मी हारिमचा राहिलेला रक्ताचा अहवाल द्यायला तिथे गेले. गल्लीत मोपेड, हातगाड्या, कॅसेटवर भजन लावून भीक मागणारा एक माणूस आणि ओरडून मोजे विकणारे दोघे. मी शेजारी उभी राहून बोलत होते आणि बुन्जाबाईंना दर वाक्य पुन्हा सांगावं लागत होतं.

तेवढ्यात त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहू लागल्या. गल्लीच्या त्या टोकाला नाडा-बटणांच्या दुकानातली बाई तोंड हलवत होती. तिचा शब्दही ऐकू येणं शक्य नव्हतं. बुन्जाबाईंनी तोंड हलवलं. तिने हलवलं. मग बुन्जाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुनेला मुलगी झाली तिच्या. पहाटे. बाळाचं डोकं मोठंय म्हणते."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"सांगितलं ना तिने आत्ता."

"आवाज कुठे आला?"

त्या हसल्या. "अहो, आम्ही दोघी मिलमधल्या. मागावर काय आवाज असतो, माहितेय? कानात कापूस, तोंडात सूत. बारा-बारा तास तिथे कोण कुणाला ओरडून सांगणार? तोंड बघायचं आणि समजायचं. पुढे पुढे बघतोय हेसुद्धा कळेनासं होतं. माझा नवरा म्हणायचा, तुझ्यासमोर मनातल्या मनात शिवी द्यायची पण सोय नाही."

मी अहवाल काउंटरवर ठेवला.

"बोसालही मिलमधल्या का?"

"मग! त्या वेळी या भागातल्या मुली जायच्या कुठे? त्या माझ्याआधी लागल्या, मोठ्या शेडला. आमच्या मुकादमीण होत्या. त्या टोकाला दोन मुली काय बोलतात ते इथून सांगायच्या. तेव्हापासूनच त्यांच्यात काहीतरी होतं, असं सगळ्या म्हणतात."

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो. पण शनिवारी बोसालकडे शेवटची मोठी बैठक होती, आणि त्याआधी मी हारिमला फोन केला.

"पंचसाहेबांच्या चाचणीत मला एक बदल करून पाहायचाय. तुझी हरकत नसेल तर. तू नाही म्हणालीस तर मी तिथे गप्प बसेन."

"काय निघेल त्यातून?"

"आधी सांगितलं तर चाचणी बिघडेल. पण चाचणी तुझ्या कानांची नाही, बोसालच्या कानांची आहे."

ती म्हणाली, "मला पण बघायचंय."

*

शनिवारी आत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक ओसरीवर उभे होते. बोसालने मला पाहिलं.

"आल्या सशीणबाई! बसा. आज सेनापती फार खुशीत आहेत."

"पंचसाहेब," मी म्हणाले, "तुमच्या फळीबद्दल मला आदर वाटतो. हात झाकलेत, ते बरोबर. मग तोंड का नाही झाकलं?"

पंचसाहेब विचारात पडले. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. आपल्या डोळ्यांदेखत नेटला हात लागला आणि आपण शिट्टी वाजवली नाही, अशा आठ्या.

"देवापुढे तोंड झाकत नाहीत!" बोसाल म्हणाली.

"तुम्ही झाकू नका. हारिमने झाकायचं. तुम्हाला सेनापतींचं ऐकायचंय, ते कानाने. कौल लावायची पाच रंगांची निशाणं आहेतच इथे देव्हाऱ्याशी. पंचसाहेब न बघता एक काढतील. लाल किंवा पांढरं आलं तर हारिम मास्क लावेल, दुसरं आलं तर काढेल."

"नियमात बसतं," पंचसाहेब म्हणाले आणि बोसालने काही बोलायच्या आत त्यांनी निशाणं उचलली.

हिरवं आलं. मास्क नाही. "उद्या वर चढ," बोसाल म्हणाली. पाटीवर: *उद्या वर चढायचं.* लोक खूश झाले.

लाल आलं. हारिमने मास्क लावला. तिचे डोळे फळीवर गेले, हात हलू लागला. बोसालने घुंगरू वाजवले. पुन्हा वाजवले. खोलीत कुणीतरी खोकलं.

"सेनापती थांबलेत," बोसाल म्हणाली. "काही बोलत नाहीत."

शिट्टी. पाटीवर लिहिलेलं होतं: *थुंकी गिळू नकोस, विष आहे.*

पांढरं आलं. बोसाल म्हणाली, "सेनापती म्हणतात, धीर धर." पाटीवर: *सगळे तुला हसतात.* निळं आलं, मास्क निघाला, वाक्य जुळलं. पुन्हा लाल, पुन्हा चूक. पंचसाहेब प्रत्येक वेळी मोठ्याने निकाल सांगत होते आणि त्यांचा आवाज दर वेळी थोडा खाली येत होता.

"कापडाने लहरी अडतात," ओसरीवरचा एक जण म्हणाला.

"तेच!" बोसालने त्याच्याकडे बोट केलं. "कळतं काही माणसांना. मास्क म्हणजे काय, गाळणी. विषाणू अडतो तिथे देव कसा जाईल?"

"मास्क हारिमच्या तोंडावर आहे," मी म्हणाले. "तिच्यापर्यंत आवाज पोचतोय. तुमचं तोंड उघडं आहे, तुमच्यापर्यंत पोचत नाही."

"तुम्ही शिकलेली माणसं कीस फार काढता!"

हारिमने मास्क ओढून काढला. तिच्या गालावर त्याची रेघ उमटली होती. "मला कळत नाहीये काहीच," ती वैतागून म्हणाली. "मास्क नको ना? नाही लावत. पण मला आता तुमच्याकडे बघून बसायचं नाही, बोसाल." आणि ती बसायच्या उशीसकट गर्रकन फिरली. बोसालकडे पाठ, लोकांकडे तोंड. पाटी तिने पोटाशी धरली, लिहिलेलं कुणाला दिसणार नाही अशी.

हे मी योजलेलं नव्हतं.

खिडकीचा उजेड आता तिच्या एका गालावर पडला होता. तिच्या पाठीमागे बोसाल उठून उभी राहिली, मान लांब केली, पण बघायला फक्त हारिमचा आंबाडा होता. हारिमचे डोळे स्थिर झाले. तिचे ओठ हलले. फार थोडे, झोपेत लहान मूल हलवतं तेवढेच.

"मागे वळू नकोस," टोफूवाली आजी मोठ्याने म्हणाली.

लोकांनी तिच्याकडे पाहिलं. तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, मला ऐकू आलं!"

"मला पण!" भिंतीजवळून एक बाई ओरडली. "मागे वळलीस तर आई मरेल! असं म्हणाले!"

"आई मरेल, हो, मला पण आलं!" तिसरी रडायलाच लागली. एक पुढे सरकून फरशीवर कपाळ टेकू लागली.

पंचसाहेब शिट्टी वाजवायचं विसरले. हारिमने हळूहळू पाटी उलटी केली. *मागे वळू नकोस. वळलीस तर आई मरेल.*

एकच गोंधळ झाला. सेनापती सगळ्या वस्तीवर उतरले, असं ओसरीवर जाहीर झालं. फक्त बोसाल तेवढी काही बोलत नव्हती.

"ज्यांना ऐकू आलं त्यांनी हात वर करा," मी म्हणाले. मला दोनदा म्हणावं लागलं. पाच-सहा हात वर आले, सगळे सुरकुतलेले. सर्वांत शेवटी, दाराजवळून, बुन्जाबाईंचा.

"आजी, तुम्ही तरुणपणी कुठे कामाला होतात?"

"मी? मिलमध्ये. नदीकाठच्या."

"तुम्ही?"

"मागावर. ह्यांच्याच पाळीला."

"तुम्ही?"

"मिल," तिसरी म्हणाली, आणि आता तिचा स्वर जरा सावध झाला होता.

"मिलमध्ये काम न केलेल्या कुणाला ऐकू आलं का? पुरुषांपैकी? तरुण मुलींपैकी? पंचसाहेब, तुम्हाला?"

"मला काहीच नाही," पंचसाहेब म्हणाले. "कान चांगले आहेत माझे."

मी टोफूवाल्या आजींसमोर जाऊन बसले आणि आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून एक प्रश्न विचारला.

"सोयाबीनची आमटी," आजी लगेच म्हणाल्या. "आणि काल उरलेला मुळा."

"काय विचारलं त्यांनी?" मागून कुणीतरी म्हणालं.

"आज जेवायला काय केलंत म्हणून वि—" आजी थांबल्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हारिमच्या तोंडाकडे. भिंतीजवळची बाई हसली आणि हसता हसता गप्प झाली. ज्यांनी तीस वर्षं माग चालवले होते त्यांना मी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. बाकीच्यांना मात्र सांगावं लागलं.

मी सांगितलं की असा आवाज ऐकू येतो तेव्हा काही माणसांचे ओठ आणि जीभ बारीक हलतात. सगळ्यांचे हलत नाहीत, हारिमचे हलतात. तिला ते जाणवत नाही. बोलणारं डोकं तिचंच आहे, पण ते बोलणं आपलं आहे ही ओळख मधल्या मध्ये हरवते, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. आवाज खोटा नाही. ती नाटक करत नाही. तिला तो माझ्या आवाजाइतकाच स्वच्छ ऐकू येतो. पण तो बाहेरून येत नाही, आणि म्हणून तो आणखी कुणालाही ऐकू येऊ शकत नाही. तुम्ही ऐकला नाहीत. वाचलात.

"देवानेच मला मिलमध्ये पाठवलं!" बोसाल कडाडली. "ती विद्या कुणी दिली? वाचायचे डोळे कुणी दिले?"

"असेल," मी म्हणाले. "मग दाराशी टोपली ठेवायची बुद्धीही त्यानेच दिली असेल."

काहींनी माना डोलावल्या. कुणाच्या बाजूने, ते मला कळलं नाही.

"माझं एवढंच म्हणणं आहे," मी म्हणाले. मला भाषण येत नाही. "एखादी गोष्ट अद्भुत वाटली की हात जोडायच्या आधी ती एकदा उलटी करून पाहा. तोंड झाका, पाठ फिरवा, माणूस बदला. गोष्ट खरी असेल तर ती टिकेल, तिचं काही बिघडत नाही. आणि देवाचा मान ठेवायचा म्हणून कुणा पोरीला उपाशी धारदार पात्यांवर चढवू नका. पाय तिचा कापला जाईल."

पंचसाहेबांनी फळी उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली. लोक एकेक करून उठू लागले. दाराशी टोपलीतले चिमटे खडखडत होते.

बुन्जाबाई हारिमसमोर येऊन बसल्या. बराच वेळ त्या तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या, आणि मग एकदम, पाहणं पाप असल्यासारखी, त्यांनी नजर वळवली.

"मला वाटायचं निदान मी तुझ्याबरोबर ऐकतेय," त्या म्हणाल्या. "अर्धं तर अर्धं. तू त्यात एकटी नाहीस."

"तू वाचत होतीस, आई."

"म्हणजे तुला एकटीलाच..."

"हो. एकटीलाच." हारिमने पाटी बाजूला ठेवली. मग माझ्याकडे वळली. "बाई, जेवताना तो गप्प असतो. नेहमी. मला वाटायचं रागावून. तोंड कामात असतं म्हणून का?"

"असू शकेल. मला नक्की माहीत नाही. पाहता येईल."

टोफूवाली आजी अजून गेली नव्हती. तिने देव्हाऱ्यावरची तांदळाची एक वडी उचलली आणि हारिमच्या हातात दिली.

"नैवेद्य आहे तो!" बोसाल म्हणाली.

"मग काय झालं, मिल्याबाई," आजी तिला मिलमधल्या जुन्या टोपणनावाने म्हणाली. "तुझे सेनापती कुठे खातायत."

हारिमने वडी तोडली. आम्ही सगळ्या पाहत होतो, त्यात ओठ वाचायची सवय असलेल्याही होत्या आणि नसलेल्याही. तिने सावकाश चावलं. घास मोठा होता. तिच्या कपाळावरची शीर हलत होती. तिने गिळलं, दुसरा घास घेतला, तोही गिळला.

"उद्या मी चढणार नाही," ती म्हणाली.

बुन्जाबाईंनी तोंड उघडलं. हारिमने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब आई, मला पूर्ण बोलू दे. हे मी बोलतेय, तो नाही. मी दवाखान्यात दाखल होते. औषध सुरू करते. सोमवारी नाही. आज. चल."